लाकूड आधी, यंत्र नंतर : प्रस्तावना

घनसावंगी तालुक्यातल्या एका गावाहून एक शेतकरी कापडी पिशवीत चाडे घेऊन माझ्या घरी आले होते. चाडे म्हणजे तिफणीवरचे लाकडी भांडे. पेरणारा त्यात मुठीने बी सोडतो आणि तळाच्या तीन भोकांतून ते नळ्यांत उतरते. हे चाडे एका बाजूने उभे तडकले होते. गावचे सुतार वारून काही वर्षे झाली होती आणि त्यांची मुले जालन्याच्या एमआयडीसीत कामाला लागली होती. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र सगळीकडे आले, पण यांचे दोन एकर नाल्याच्या काठी, अडचणीत. तिथे अजून बैलच लागतात. "पोरगं म्हणालं, तुमच्याकडं कंप्युटरवर लाकूड कापायचं मशीन हाय. हे निघंल का त्याच्यावर?"

निघाले, पण एका दिवसात नाही. माझ्या त्या मशीनचा, म्हणजे राऊटरचा, वर-खाली होणारा अक्ष जेमतेम 70 मिमी चालतो आणि चाडे त्याहून उंच. म्हणून ते दोन थरांत कापले आणि मध्ये चिकटवून रात्रभर शिकंज्यात ठेवले. आतली वाटी गोल नाकाच्या बिटाने कोरली. तिन्ही भोके सारख्या अंतरावर, अगदी आखीव आली. मोठ्या समाधानाने मी ते आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध सुतारांना दाखवायला नेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी आतून अंगठा फिरवला, चाडे उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "भोकं झकास पाडलीस. पण मधला भाग सपाट ठेवलास रे. बी तिथं बसून राहील. त्याला चहूकडं उतार दे, अन् भोकांच्या कडा मोड." मग त्यांनीच पटाशी घेतली आणि पंधरा मिनिटांत ते काम केले. पुढच्या वेळी मी उतार आधी संगणकावर काढला.

हे पुस्तक त्या पंधरा मिनिटांतून निघाले आहे. घरच्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांनी चालणाऱ्या, राऊटरवर लाकडाचे भाग कसे कापायचे हा त्याचा विषय. पण लिहिताना माझी एक ठाम धारणा झाली : हे काम आधी सुतारकाम आहे, संगणकाचे काम त्यानंतर. उलट क्रमाने शिकलेला माणूस वर्ष-दोन वर्षे नुसत्या पाट्या आणि जाळ्या कापत राहतो.

जालन्यात ‘सीएनसी’ हा शब्द नवा नाही. इथल्या रोलिंग मिलमध्ये सळईवरची नक्षी उठवण्यासाठी रोलवर खाचा पाडतात, त्या पाडणारी यंत्रे सीएनसीच असतात. फर्निचरच्या दुकानात ‘सीएनसी डिझाईन’ म्हटले की देवघरामागची किंवा दिवाणखान्यातली एमडीएफची जाळी समजायची. ती कापणारी यंत्रे 8 फूट बाय 4 फुटांचा अख्खा प्लाय पोटात घेतात, त्यांना तीन फेजची वीज लागते आणि किंमत लाखांत असते. या पुस्तकातले यंत्र टेबलावर मावते आणि घरच्या साध्या प्लगवर चालते. मूळ गोष्ट तीच. एक आडवा पूल, त्यावर फिरणारी मोटार, मोटारीत धारदार बिट, आणि तीन दिशांनी तिला ढकलणाऱ्या स्टेपर मोटारी. स्टेपर मोटार एका फेऱ्याचे 200 टप्पे करते. तिला 8 मिमी चालीचा स्क्रू जोडला, तर एका टप्प्याला बिट 0.04 मिमी सरकते. या मोटारींना हुकूम जातो तो आकड्यांच्या ओळींनी. ‘जी1 एक्स100 एफ1200’ याचा अर्थ एवढाच : सरळ रेषेत एक्स अक्षावरच्या 100 मिमीच्या खुणेपर्यंत, मिनिटाला 1200 मिमी वेगाने जा. अशा हजारो ओळी एकामागून एक गेल्या की लाकडातून आकार निघतो.

लेझर आणि थ्रीडी प्रिंटर यांच्याशी नवखे लोक याची गल्लत करतात. लेझर जाळतो, प्रिंटर थर चढवतो, राऊटर तासतो. म्हणून राऊटरचे नाते रंध्याशी आणि पटाशीशी आहे.

आकड्यांनी हत्यार चालवण्याची कल्पना अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीच्या जॉन पार्सन्स यांची. ते हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याचा वक्र आकार हाताने आखण्याऐवजी त्यावरच्या बिंदूंचा तक्ता करायचा आणि यंत्राला त्या बिंदूंवरून न्यायचे, हा त्यांचा विचार. पुढे एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने 1952 मध्ये असे मिलिंग यंत्र चालवून दाखवले. हुकूम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून यायचे आणि ते वाचणारी निर्वात नळ्यांची कपाटे खोली व्यापायची. पट्टीवरच्या भोकांनी यंत्राला हुकूम देणे ही गोष्ट मुळात विणकरांची आहे. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास मागावर भोके पाडलेले पुठ्ठे वापरले होते. जॅकार्डचा माग आपल्याकडे येवल्यात आजही दिसतो, तेव्हा हे आपल्याला फार परके वाटू नये.

त्यानंतरची चाळीसेक वर्षे ही विद्या मोठ्या कारखान्यांत राहिली, आणि तीही मुख्यतः लोखंडासाठी. लाकूडकाम करणाऱ्या लहान माणसापर्यंत ती 1990 च्या दशकात शॉपबॉटसारख्या यंत्रांनी आणली. घरापर्यंत यायला आणखी दोन गोष्टी लागल्या. 2005 मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावी आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक बोर्ड तयार झाला. 2009 मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सेइड या नॉर्वेच्या तरुणाने त्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली लिहून सगळ्यांना फुकट दिली. ती अवघ्या 32 किलोबाइटमध्ये बसते. एकेकाळी खोली भरून जे काम होई ते तळहाताएवढ्या बोर्डावर आले. 2011 मध्ये एडवर्ड फोर्ड यांनी शेपोको या यंत्राचे आराखडे खुले केले आणि मग जगभर लोक आपापल्या गॅरेजात यंत्रे जोडू लागले.

महाराष्ट्रात याची मुळे शोधायची तर पाबळला जावे लागते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. नापास झालेली, शाळा सुटलेली मुले हाताने काम करत विज्ञान शिकतील, हा त्यांचा ध्यास. वेल्डिंग, बांधकाम, सुतारकाम, शेती हाच तिथला अभ्यासक्रम. एमआयटीचे प्रा. नील गर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ची, म्हणजे कुणालाही हवी ती वस्तू बनवता येईल अशा कार्यशाळेची, कल्पना बाहेर न्यायची ठरवली, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक 2002 मध्ये पाबळला उभी राहिली. फॅब लॅबच्या ठरावीक साहित्यात लाकूड कापणारा मोठा सीएनसी राऊटर असतोच. आज अशा प्रयोगशाळा शंभराहून अधिक देशांत आहेत, पण सुरुवातीला गर्शेनफेल्ड यांनी निवडलेल्या जागांत आपले एक अवर्षणप्रवण खेडे होते, ही गोष्ट मराठी माणसाला फारशी ठाऊक नाही. मला ती फार मोलाची वाटते. हे यंत्र शहरातल्या हौशी लोकांचे खेळणे आहे असे कुणी म्हणाले, की मी पाबळचे नाव घेतो.

आता या क्षेत्रातल्या वाटांविषयी. पहिली वाट तयार किटची. ‘3018’ या नावाने मिळणारे, 30 बाय 18 सेंटिमीटर बेडचे चिनी यंत्र बहुतेकांचे पहिले असते. शिकायला चांगले, पण त्याची मोटार नाजूक आणि सांगाडा हलका. सागवानात जरा खोल गेले की ते थरथरते. दुसरी वाट पट्ट्यावर चालणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या पन्हाळ्यांनी जोडलेल्या यंत्रांची. शेपोको याच घराण्यातले. तिसरी वाट लोखंडी चौकोनी पाईप वेल्ड करून सांगाडा स्वतः उभा करण्याची, आणि जालनेकरांसाठी मी हीच सांगेन. पोलादाच्या या गावात पाईप, वेल्डर, लेथवाला आणि भंगारातला जाड पत्रा चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो. राऊटरमध्ये सगळ्यात महाग गोष्ट असते दणकटपणा, आणि तो इथे किलोच्या भावाने मिळतो. फक्त मोटारी, स्क्रू, रेल आणि बोर्ड बाहेरून मागवायचे. चांगल्या दुचाकीच्या किमतीत असे यंत्र होते.

कामाच्या अंगानेही घराणी आहेत. काही लोक फक्त प्लाय कापतात : एका फळीवर शक्य तितके भाग बसवायचे आणि कमीत कमी वाया घालवायचे. काही कोरीवकाम करतात : गणपती, नामपट्ट्या, देवघराच्या महिरपी. तिसरे सांध्याचे लोक, आणि माझा जीव त्यांच्यात आहे. खाच आणि कुसू एकमेकांत खिळ्याशिवाय बसवणे ही सुतारकामातली सगळ्यात सुंदर गोष्ट. इथे राऊटरची एक मर्यादा उघडी पडते. बिट गोल असते, म्हणून आतला कोपरा कधीच काटकोनी निघत नाही. 6 मिमीच्या बिटाने कापलेल्या खाचेच्या कोपऱ्यात 3 मिमी त्रिज्येची गोलाई राहते. चौकोनी कुसू त्यात बसत नाही. मग कुणी कोपऱ्यात बिट जरा बाहेर नेऊन हाडाच्या टोकासारखा खळगा पाडतात, कुणी कुसूच गोल करतात, आणि कुणी पटाशीने कोपरा साफ करतात. प्लायच्या कपाटाला खळगा चालतो. सागवानाच्या चौकटीत तो डोळ्याला खुपतो. तिथे पटाशीच हवी.

मराठवाड्याला सांध्यांची ओढ जुनी आहे. जालन्याहून नव्वदेक किलोमीटरवर वेरूळची दहावी लेणी आहे. लोक तिला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. तिच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत. दगडाला फासळ्यांची गरज नसते. त्या लाकडी छताच्या आठवणीने कोरल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यात तर खऱ्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. सुताराची चाल मनात ठेवून पाथरवट दगड कोरत होते, एवढी इथे सुतारकामाची प्रतिष्ठा होती. मी वेरूळला गेलो की त्या फासळ्यांखाली बराच वेळ बसतो.

आणि तरीही आपल्या लाकडांविषयी या क्षेत्रात मराठीत जवळपास काही लिहिलेले सापडत नाही. कापण्याच्या वेगाचे जे तक्ते मिळतात ते मेपल, अक्रोड आणि पाईनचे. आपल्याकडे सागवान, बाभूळ, कडुलिंब, आंबा, चिंच. सागवानात वाळूतली सिलिका असते, ती धार खाते. साधे पोलादी बिट तासाभरात बोथट होते, कार्बाइडचेच हवे. बाभूळ इतकी टणक की एका फेरीत अर्धा मिलिमीटर खोल गेले तरी पुरे, पण औताचे भाग आणि मुठी तिच्याच टिकतात. आंबा मऊ आणि स्वस्त, मात्र किडा लवकर लागतो. कडुलिंबाचे धागे उलटसुलट, त्यामुळे कड केसाळ निघते आणि शेवटची फेरी अगदी पातळ घ्यावी लागते. ही माहिती आबांसारख्यांच्या हातात आहे. तिला आकडे लावणे हे या पुस्तकाचे खरे काम मी मानतो.

आकडे म्हणजे काय, तेही इथे सांगतो, कारण नवख्याची पहिली चूक इथेच होते. मिनिटाला 12000 फेरे फिरणाऱ्या दोन धारांच्या बिटाच्या प्रत्येक धारेने 0.05 मिमी लाकूड उचलावे असे वाटत असेल, तर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, 12000 गुणिले 2 गुणिले 0.05, म्हणजे मिनिटाला 1200 मिमी येतो. भीतीने माणूस तो 300 वर ठेवतो. मग धार लाकूड कापत नाही, घासते. कपच्यांऐवजी पीठ पडते, खाचेची कड काळी होते, जळक्या सागवानाचा वास घरभर पसरतो आणि बिट संपते. यंत्राशेजारी उभे राहा आणि चिमटीत भुसा घेऊन पाहा. कपच्या हाताला लागल्या तर बरोबर आहे. पीठ लागले तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा.

हवामानही हिशेबात धरावे लागते. जालन्याचा मे महिना लाकूड सुकवतो आणि जुलै फुगवतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. मेमध्ये घट्ट बसवलेला सांधा पावसाळ्यात फळी फाडू शकतो. बाजारातला 18 मिमीचा प्लायही क्वचितच पूर्ण 18 भरतो, म्हणून व्हर्नियर लावल्याशिवाय खाच कापू नये. विजेचे तर विचारूच नका. साध्या स्टेपर मोटारीला आपण कुठे आहोत हे कळत नाही, ती फक्त टप्पे मोजते. मध्येच वीज गेली की मोजणी पुसली जाते. दोन तास कोरलेली फळी अशी गेली, तेव्हापासून मी प्रत्येक कामाचा शून्यबिंदू फळीवरच पेन्सिलीने आणि बारीक भोकाने नोंदवून ठेवतो.

देवनागरीची अडचण वेगळी आणि ती सोडवायला मला फार वेळ लागला. नामपट्टीसाठी अक्षरे टाईप करून त्यांच्या बाह्यरेषा काढल्या, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही. यंत्र मात्र दोन्ही रेषा प्रामाणिकपणे कापते आणि शिरोरेषेवर जागोजागी उभ्या चिरा पडतात. सगळे आकार आधी एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करावी लागते. काही परदेशी प्रणाली जोडाक्षरे मोडतात, ‘श्री’चे तुकडे करतात. त्यासाठी अक्षरे इंकस्केपमध्ये रेषांत बदलून मगच पुढे न्यावीत. आरपार कापायचे असेल तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे गळून पडतात, त्यांना आधाराच्या काड्या ठेवाव्या लागतात. हे सगळे मराठीत लिहिलेले असते तर माझ्या पहिल्या चार-पाच पाट्या वाया गेल्या नसत्या.

धोक्यांविषयी मला अधिक कडकपणे बोलायचे आहे. जुन्या पडलेल्या वाड्यांचे सागवान आपल्याकडे मिळते आणि ते फार सुंदर निघते. मी एकदा तशा तुळईचा तुकडा न तपासता यंत्रावर चढवला. आत हाताने ठोकलेला चौकोनी खिळा होता. 6 मिमीचे बिट तुटून भिंतीत जाऊन रुतले, ते माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावरून गेले. चष्मा होता म्हणून मनात भीती कमी राहिली, एवढेच. जुन्या लाकडावर लोहचुंबक फिरवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. दुसरा धोका दिसत नाही : लाकडाची धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात 1995 मध्येच घातली आहे. एमडीएफच्या धुळीत शिवाय फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. बंद खोलीत, लेकरे झोपलेली असताना, मास्कशिवाय हे काम करू नका. धूळ ओढणाऱ्या नळीचे पैसे यंत्राच्या पैशांतच धरा. आणि एक कायद्याची गोष्ट : सागवान, आंबा, चिंच अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे तोडण्याआधी परवानगी लागते.

आत्ताच हे का लिहावे? कारण गावोगावचे सुतार कमी होत आहेत आणि त्यांच्या पुढच्या पिढीला संगणक येतो, पण पटाशी येत नाही. दोन्ही ज्याला येतात असा माणूस घडवायला अजून दहा-पंधरा वर्षांची संधी आहे. आबांचे हात थांबले की ती जाईल. शाळांत अटल टिंकरिंग लॅब 2016 पासून आल्या. तिथली मुले मोटारी आणि बोर्ड सहज जोडतात. त्यांना एक लाकडाची फळी आणि ती ओळखणारा एक म्हातारा माणूस मिळाला, तर ती आपल्याच गावात काम उभे करू शकतील : तुटलेले औजार, शाळेची बाके, कुणाच्या तरी दाराची चौकट. यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

या पुस्तकात यंत्र जोडण्याची माहिती आहे, तशी लाकूड पारखण्याचीही. हुकूम लिहिणे आणि धार लावणे ही दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवली आहेत. महागड्या प्रणालींवर मी भर दिलेला नाही. फ्रीकॅड, इंकस्केप यांसारख्या मोफत साधनांवर सगळे काम होते आणि ती साधने उद्या कुणी बंद करू शकत नाही. जिथे सुतारांचा शब्द होता तिथे तोच वापरला : खाच, कुसू, कड मोडणे, फळी उतरवणे. जिथे कामगारांच्या तोंडी इंग्रजी शब्द रुळला आहे, तिथे बिट, फीड, स्पिंडल हेच ठेवले. त्यांना बनवलेले मराठी प्रतिशब्द कारखान्यात कुणाला कळत नाहीत.

वेगाचे जे तक्ते दिले आहेत ते माझ्या यंत्रावर, माझ्या लाकडावर आलेले आहेत. तुमच्याकडे ते बदलतील. भोकरदनची बाभूळ आणि मंठ्याची बाभूळ एकसारखी कापली जाईलच असे नाही. पुस्तकाच्या शेवटी रेघा मारलेली कोरी पाने ठेवली आहेत. त्यांवर लाकडाचे नाव, ते कुठून आले, बिट, फेरे, फीड आणि कड कशी निघाली हे पेन्सिलीने लिहा. आणि पहिला भाग कापून झाला की तो तुमच्या गावातल्या सुताराच्या हातात द्या, ते अंगठा कुठे थांबवतात ते बघा.

जालना